आधी मीटर, मग मशीन: खानदेशातल्या वेल्डिंगची गोष्ट

शिरपूरहून बोलतोय, आणि आजचा भाग जरा लोखंडी आहे.

प्रश्न तुमच्यातल्याच बऱ्याच जणांचा. घरी, मागच्या पडवीत किंवा गच्चीवर, हौस म्हणून वेल्डिंग करायचंय. कूलरचं स्टँड, बंगईचा सांगाडा, कुंड्यांची घडवंची, सायकलचं कॅरिअर, असलं काहीबाही. तर मशीन कोणतं घेऊ? मोबाईलवर बघायला गेलं की सगळ्याच मशीनवर ‘२००’ लिहिलेलं, सगळीच ‘हेवी ड्यूटी’, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मी याचं उत्तर इतिहासातून देणार आहे. कारण आपल्या भागात कोणत्या काळात कोणतं मशीन चाललं, हे कारागिराच्या आवडीवर फारसं कधी ठरलंच नाही. गावात वीज किती आली, कशी आली आणि किती वाजता आली, यावर ते ठरलं. आमच्या ओळखीचे एक जुने फॅब्रिकेशनवाले नाना आहेत. कुणी मशीनबद्दल विचारलं की ते अहिराणीत एकच सांगतात, “भाऊ, पहिले तुना मीटर देख.” आजचा सगळा भाग म्हणजे या वाक्याचा खुलासा समजा.

सुरुवात विजेच्या आधीपासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची गोल पट्टी असते, तिला धाव म्हणतात. लांब पट्टी वाकवून लोहार तिचं कडं करायचा. मग प्रश्न यायचा की दोन टोकं जोडायची कशी? तो टोकं तिरपी ठोकून एकमेकांवर बसवायचा, भात्यावर पांढरट होईपर्यंत तापवायचा, वर वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि ऐरणीवर घणाचे घाव घालायचा. सांधा एकजीव. हे वेल्डिंगच झालं की! टाकणखार कशाला? तापलेल्या लोखंडावर जी काळी पापडी धरते ती वितळवून बाहेर काढायला. आज तुमच्या रॉडवर जो करडा-पांढरा लेप असतो ना, त्याच्या कामांपैकी एक काम हेच आहे. खानदेशातल्या गाडीलोहारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, फक्त त्यांचा ‘पॉवर सप्लाय’ कोळशाचा होता.

यानंतर आला गॅस. आणि इथे आपल्या भागाला ओळखीची एक वस्तू येते: कार्बाइड. हो, तेच केळी पिकवायचं कार्बाइड. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन यांच्या भट्टीत दुसरंच काही करताना ते योगायोगानं हाती लागलं. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो. १८९५ मध्ये फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी दाखवलं की हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळला तर ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. झालं, गॅस वेल्डिंगचा रस्ता मोकळा. याला वीज लागतच नाही, म्हणून जिथे तारा पोचल्या नव्हत्या तिथेही ते चाललं. कार्बाइडची टाकी, ऑक्सिजनचा सिलिंडर, दोन नळ्या आणि टॉर्च. एकच पदार्थ इकडे सांधे जोडत होता आणि तिकडे वखारीत केळीचे घड पिवळे करत होता. फळं पिकवण्यासाठी त्याला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. घरच्या हौशी माणसाला मी हा गॅस सेट सुचवत नाही. चुकीच्या जागी ठेवलेली गळकी टाकी म्हणजे घरात बॉम्ब.

विजेचं वेल्डिंग युरोपात याच सुमारास उभं राहत होतं. हा भाग पटकन उरकतो. १८८०च्या दशकात रशियन साम्राज्यात बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीनं ठिणगी पाडून लोखंड वितळवलं, पुढे स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी लावली. पण उघड्या कांडीचा सांधा ठिसूळ व्हायचा, कारण वितळलेल्या लोखंडात हवा शिरायची. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग यांनी कांडीला लेप दिला. त्यांची १९०४ साली सुरू झालेली कंपनी म्हणजे आजही दुकानात नाव दिसते ती ईसाब. लेप जळतो, त्याचा धूर सांध्याभोवती हवेला अडवतो आणि वर काचेसारखी खपली धरते. आपण हातोडीनं टकटक करून काढतो ती. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं २७००च्या वर लिबर्टी जहाजं बांधली, ती मुख्यतः वेल्डिंगनं. रिव्हेटचा जमाना तिथे संपायला लागला.

आपल्याकडे १९५१ साली अडवाणींनी स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीशी हातमिळवणी करून मुंबईत वेल्डिंग रॉडची कंपनी काढली. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडली की आजचं ‘अडोर’ होतं. रॉड देशात व्हायला लागले, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण रॉड म्हणजे रोज संपणारी वस्तू. मशीन एकदा घ्यायचं, रॉड दर आठवड्याला. शिरपूर मुंबई-आग्रा रस्त्यावर असल्यानं आपल्याला दोन्ही बाजू जवळ. इकडून मुंबई, आणि सेंधव्याचा घाट चढून गेलं की साधारण दोनशे किलोमीटरवर इंदूर, जिथे डी अँड एचचे रॉड बनतात.

आता येऊ वीजेकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत इथे आहे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत तारा गावोगाव गेल्या. या तारा प्रामुख्यानं विहिरीवरच्या मोटारींसाठी ओढल्या होत्या. म्हणजे थ्री फेज. वेल्डिंगवाला या शेतीच्या विजेच्या मागोमाग गावात आला. त्याचं मशीन तुम्ही पाहिलं असेल: लोखंडी खोका, खाली चाकं, आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी, बऱ्याचदा तेलात बुडवलेली, आणि वर फिरवायचं हँडल. वजन एवढं की दोन माणसांनीही उचलताना विचार करावा.

हा ट्रान्सफॉर्मर बहुधा दोन फेजवर लावतात, म्हणजे ४१५ व्होल्टवर. का? हिशोब करू, सोपा आहे. अशा मशीनचं रिकामं व्होल्टेज ७५च्या आसपास असतं. १०० अँपिअरनं वेल्डिंग करायचं तर ते लाइनमधून साधारण ७५ गुणिले १००, म्हणजे साडेसात केव्हीए ओढतं. प्रत्यक्ष सांध्यावर मात्र २४ व्होल्टच लागतात. बाकीचा करंट नुसता तारेतून ये-जा करतो. हेच घरच्या २३० व्होल्टवर लावलं तर ३२-३३ अँपिअर झाले. घरातला मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा. म्हणजे ठिणगी पडली की गल्लीतले दिवे डिम, टीव्ही बंद, आणि शेजारच्या काकू दारात. दोन फेजवर तोच आकडा अठरावर येतो.

म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याचं घड्याळ महावितरणच्या हातात गेलं. विद्युत मंडळाचे २००५ साली तुकडे होऊन महावितरण झालं, आणि नेमकी तीच वर्षं लोडशेडिंगची. मग गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केले गेले. घरांना सिंगल फेज बऱ्यापैकी सलग मिळायला लागली, पण शेतीची थ्री फेज ठरलेल्या तासांपुरती, कधी दिवसा आठ तास, कधी रात्रीची. शेतकरी रात्री पाणी भरायला जायचा हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच रात्री गावाबाहेरच्या शेडमध्ये कुणीतरी ट्रॉलीची तुटलेली साटी जोडत बसलेलं असायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. “थ्री फेज आली का?” हा प्रश्न मोटारवाल्याइतकाच त्याचाही होता. घाईचं काम असेल तर डिझेल इंजिनावर चालणारा वेल्डिंग सेट भाड्यानं. खर्च गिऱ्हाइकाच्या माथी.

हे कोडं सुटलं ते एका इलेक्ट्रॉनिक तुकड्यामुळे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी १९८०च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयजीबीटी नावाचा स्विच विकसित केला. २०२४ साली त्यांना त्यासाठी फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळाला. हा स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, इन्व्हर्टर मशीन तिचे वीस हजारांच्या वर करतं. हेलकावे जितके जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. म्हणून दोन माणसांचं ओझं खांद्याच्या पट्ट्यावर आलं.

पुन्हा तोच हिशोब. १०० अँपिअर गुणिले २४ व्होल्ट, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर लाइनमधून साधारण चार केव्हीए. सिंगल फेजवर सतराच्या आसपास अँपिअर. आणि ८० अँपिअरवर काम केलं तर तेरा-चौदा. बघा, घरच्या १६ अँपिअरच्या प्लगमध्ये बसलं! वेल्डिंग हौशी माणसाच्या घरात शिरलं ते या आकड्यामुळे. यूट्यूब नंतर आलं.

तर आता तुमची खरेदी. वीजबिल काढा आणि त्यावरचा ‘मंजूर भार’ वाचा. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर आधी वाढवून घ्यायचा अर्ज करा. मीटरपासून वेल्डिंगच्या जागेपर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग करून घ्या. वायरमनला घरी बोलवा, पैसे द्या, इथे हात आखडू नका. आणि हौस वेगळी, धंदा वेगळा. ऑर्डरी घ्यायला लागलात तर घरगुती मीटर चालेल का, ते आधी विचारून घ्या.

मग रॉड ठरवा. दुकानात नंबर सांगतात: १२ नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५. बारा नंबर ७०-९० अँपिअरवर छान चालतो, म्हणजे घरच्या प्लगवर. दहा नंबरला सव्वाशेकडे जावं लागतं, तिथे १६ अँपिअरचा प्लग तापायला लागतो. रॉडच्या पुड्यावर ई ६०१३ लिहिलेलं बघा, शिकणाऱ्याला तोच सोपा. पावसाळ्यात पुडा हवाबंद डब्यात ठेवायचा.

म्हणजे तुम्हाला २०० अँपिअर लागतात का? लागत नाहीत. तरी मी २०० चं चांगलं मशीन घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण आपला मे महिना. मशीनच्या पाटीवर ‘ड्यूटी सायकल’ असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमान धरून काढतात. आता तुम्हीच सांगा, शिरपूरला पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी दोनला किती असतं? म्हणून पाटीवर जे लिहिलंय त्याच्या निम्म्यानं काम करायचं. आणि पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेलीच नसेल, तर ते मशीन खाली ठेवा. सोबत इनपुट व्होल्टेजची रेंज बघा. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती पडतं ते चार दिवस मीटर लावून मोजा आणि मग दुकानात जा. दुरुस्ती धुळ्यात होते की मशीन बाहेरगावी पाठवावं लागतं, हेही विचारा. स्वस्त मशीनची खरी किंमत तिथेच कळते.

मिग? हलक्या चौकोनी पाइपचं काम जास्त असेल तर मिग सोपं, कारण पातळ पाइपला रॉड पटकन भोक पाडतो. पण वायरचं रीळ, गॅसचा सिलिंडर आणि तो भरून आणायच्या फेऱ्या. पहिलं मशीन म्हणून मला ते जड वाटतं. टिग स्टीलच्या नाजूक रेलिंगसाठी सुंदर आहे, आरगॉन गॅस लागतो, हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी बघा.

बजेटमधला एक वाटा मशीनला द्यायचाच नाही: दहा नंबर शेडची काच असलेला हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. सिंथेटिक शर्टवर ठिणगी पडली तर तो कातडीला चिकटतो. डोळ्याला आर्क लागला की रात्री वाळू गेल्यासारखं टोचतं. आपल्याकडे बटाट्याच्या चकत्या ठेवतात, त्यानं गार वाटत असेल, पण डॉक्टर गाठा. बघायला जमलेल्या पोरांना आधी हाकला. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा कूलरचा जस्ताचा पत्रा जोडायचा असेल तर ग्राइंडरनं जस्त खरवडून, उघड्यावर बसून काम करा. तो पांढरा धूर नाकात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मशीन घेण्याआधी हात मारून बघायचा असेल तर आयटीआयला वेल्डर ट्रेड शिकलेला एखादा मित्र शोधा. आपल्या भागात असा मित्र सापडणार नाही असं होणारच नाही. त्याच्याकडे एक रविवार घालवा, त्याचे दोन पुडे रॉड संपवा आणि भरून द्या. तोवर चार दिवसांची व्होल्टेजची मोजणी पण झालेली असेल. तुमचे आकडे मला पाठवा, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात आपण ते समोर ठेवून बोलू.