दोरीचं मांजर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सांगलीच्या आमच्या वाड्यात तर हा खेळ रोज डोळ्यांसमोर चालायचा. तिथलं मांजर कुणी मुद्दाम पाळलेलं नव्हतं. माळ्यावर उंदीर होते, चुलीपाशी ऊब होती आणि तिन्हीसांजेला आजी दूधभात घालायची, म्हणून ते होतं. दिवसभर ते कुठं असतं, हे कुणी विचारत नसे.

आता मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचं पहिलं मांजर रस्त्यावर गाडीखाली गेलं. दुसरी, म्हणजे मनी, आली तेव्हा बाल्कनीला जाळी ठोकली आणि दार कायम लावून घेतलं. मला वाटलं, आता काळजी मिटली. पण वर्षभरात मनी सुटली. दिवसभर पडून राहायची आणि जागी असली की पोट चाटत बसायची. चाटून चाटून तिनं पोटावरचे केस घालवले. त्वचारोग असावा म्हणून मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळ्या तपासण्या करून त्या म्हणाल्या, “काका, रोग काही नाही. हिला दिवसभर कामच नाही. रोज खेळवत जा हिला.”

माझं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं. त्यामुळे घरी येताना डोक्यात प्रश्न आला तो असा, की मांजर घरात कोंडणारे आपण पहिलेच का?

माणसाचा आणि मांजराचा सहवास फार जुना. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेती आली, धान्य साठलं, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. या व्यवहारात दार उघडंच असायचं.

ते बंद झाल्याचं एक ठळक उदाहरण जपानच्या राजदरबारात मिळतं. तिथं चीनहून येणारी मांजरं ही मोठी अपूर्वाई होती. सम्राट उदा यानं ८८९ च्या आपल्या रोजनिशीत स्वतःच्या काळ्या मांजराचं कौतुकानं वर्णन केलं आहे. पुढं सम्राट इचिजो याच्या मांजरीला तर दरबारी स्त्रियांचा हुद्दा होता. ही हकीकत सेई शोनागोन या दरबारातल्या लेखिकेनं नोंदवली आहे. एकदा ही मांजरी ओसरीवर उन्हात झोपली होती. बोलावूनही ती आत येईना, तेव्हा दासीनं गमतीनं कुत्र्याला तिच्यावर छू म्हटलं. कुत्रा खरंच धावला. बिचाऱ्याला मार खावा लागला आणि हद्दपारीही नशिबी आली!

इतकं मोलाचं जनावर हरवू नये म्हणून त्याच्या गळ्यात लांब दोरी बांधत. मुरासाकी शिकिबू हिच्या ‘गेंजी’ या अकराव्या शतकाच्या आरंभीच्या कादंबरीत अशाच एका मांजराची दोरी पडद्यात अडकते. पडदा बाजूला सरकतो, आतली राजकन्या एका तरुणाच्या नजरेस पडते आणि पुढचा सगळा अनर्थ घडतो. थोडक्यात, दोरी बांधली तरी मांजराची धाव काही थांबत नाही.

ही दोरी सुटली ती १६०२ मध्ये. क्योतो शहरात फर्मान निघालं, की मांजरांच्या दोऱ्या सोडाव्यात आणि त्यांची खरेदी-विक्री बंद करावी. मांजरं मोकळी झाली आणि उंदरांवर संकट आलं. यावर जपानात एक गोष्टही रचली गेली. तिच्यात उंदीर एका साधूच्या स्वप्नात येऊन गाऱ्हाणं मांडतात.

दार पुन्हा बंद झालं ते विसाव्या शतकात, आणि यावेळी शहरोशहरी. त्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एड लोव याचा मोठा वाटा. पूर्वी घरातल्या मांजराच्या विधीसाठी राख किंवा वाळू ठेवत. १९४७ मध्ये त्यानं त्याऐवजी पाणी शोषून घेणाऱ्या मातीचे खडे विकायला काढले. घरातला वास कमी झाला आणि मांजर बारा महिने घरात ठेवणं सोपं झालं. मांजराची सोय लागली, पण त्याच्या उद्योगाचं काय?

याचं उत्तर शोधताना मला ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातलं सेरा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांचं संशोधन वाचायला मिळालं. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं, की भुकेलं मांजर खेळण्यावर जास्त जोरानं तुटून पडतं. म्हणजे आपण ज्याला खेळ म्हणतो, ती मांजराच्या लेखी शिकारच असते. २००२ च्या प्रयोगात तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिल्यावर मांजरांचा रस ओसरला, पण वेगळं दिसणारं खेळणं पुढं करताच तीच मांजरं नव्या दमानं खेळू लागली. आपण म्हणतो, मांजर कंटाळलं. खरं तर ते त्या खेळण्याला कंटाळलेलं असतं.

मग मी घरातच कारखाना काढला. खराट्याच्या काडीला सुती चिंधी घट्ट बांधली. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून शिवून टाकला. पुठ्ठ्याच्या खोक्याला पंजा जाईल एवढी भोकं पाडून आत कोरड्या खाण्याचे दाणे टाकले. कागदाचा बोळा तर फुकटच! चिंधी तोंडासमोर नाचवायची नाही. उंदीर आपणहून मांजराकडे येत नाही. ती दूर पळवायची, खुर्चीच्या पायाआड दडवायची, मध्येच स्थिर ठेवायची. शेवटी मात्र मनीला ती पकडू द्यायची आणि लगेच जेवण वाढायचं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पुरतात. रोज खेळणं बदलायचं आणि बाकीची कपाटात ठेवायची. एक खबरदारी मात्र घ्याच. दोरा, सुतळी, रबरबँड मांजरापाशी सोडून जाऊ नका. गिळलेला दोरा आतडी कापू शकतो. खेळ संपला, की काडी कपाटात.

जपानात एका गवताचं नावच ‘नेकोजाराशी’ आहे. त्याचा अर्थ मांजराला खेळवणारं. आपल्या राळ्याचा हा रानटी भाऊबंद. त्याचं केसाळ कणीस मांजरापुढं हलवलं, की झालं. खेळणं विकतच आणायला हवं असं नाही, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं.

चार महिन्यांनी मनीच्या पोटावर पुन्हा लव आली. आता संध्याकाळी सहाला ती कपाटासमोर येऊन बसते. मला कधी कंटाळा येतो, गुडघेही दुखतात. पण तिचं दार मी लावलं आहे, तिच्या जिवासाठीच लावलं आहे. दाराबाहेर तिचं जे राहिलं, ते तिला घरात मिळवून देणं माझ्याकडे लागतं. म्हणून मी उठतो आणि काडी काढतो.