कोण म्हणतं?

कुठल्याही गडावर रविवारी दहाच्या सुमारास गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. एक बाबा समोरच्या डोंगराकडे बोट दाखवतायत, आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर, आणि मुलं त्या बोटाकडे न बघता बुटाच्या टोकानं माती उकरतायत. मग ‘आजकालच्या पोरांना इतिहासाचं काही नाही’ हे वाक्य येतं आणि सगळं कुटुंब ताकवाल्या मावशींकडे वळतं. मला यात पोरांची बाजू पटते. पडक्या भिंतीसमोर उभं राहून सनावळी ऐकण्यात मजा कुणालाच येत नाही. मोठ्यांना फक्त ते चेहऱ्यावर न दाखवणं जमतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. इतिहास दहावीच्या पेपरसोबत सुटला आणि नंतर स्वतःच्या हौसेनं परत धरला. गेली काही वर्षं हिवाळ्यातले दोन-तीन शनिवार-रविवार ताईची मुलं माझ्या ताब्यात असतात. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा. या दोघांना बरोबर घेऊन कुठली जागा सगळ्यात जास्त ‘चालते’, असं कुणी विचारलं तर मी रायगड किंवा अजिंठा म्हणणार नाही. मी नाणेघाट म्हणेन.

नाणेघाट तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. पावसाळ्यात खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ती जागा. गर्दी त्यासाठीच होते. पण मुलांना न्यायचं तर पाऊस संपल्यावर न्या. जुन्नरहून साधारण तीस किलोमीटर, गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत जाते, त्यामुळे चढून दमायचा प्रश्न नाही. एका बाजूला जीवधन किल्ला, समोर नानाचा अंगठा नावाचा सुळका आणि पायाखाली एकदम कोकण. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून वर येऊन जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. खिंडीतून थोडं खाली उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं कोरलेली एक साधी लेणी आहे. नक्षी नाही, खांब नाहीत. मोठी माणसं दोन मिनिटं बघतात आणि फोटो काढायला कड्याकडे जातात.

आम्ही तिथे दीड तास होतो.

आधी समोरची भिंत. तिथे एकेकाळी आठ मूर्ती कोरलेल्या होत्या. आता त्यांची जेमतेम पावलं उरली आहेत. वरती मात्र कोण कुठे उभं होतं त्याची नावं आहेत: सातवाहन घराण्याचा सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, काही राजकुमार आणि एक ‘महारठी’. वर्गाच्या ग्रुप फोटोखाली नावं छापतात ना, तसंच, फक्त फोटो पुसून गेलाय. मी मुलांना कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, पायावरून माणूस काढा. सहा वर्षांच्या माणसाला यापेक्षा चांगलं काम देता येणार नाही. भाच्याच्या सिमुकाला मिशा होत्या आणि हातात क्रिकेटची बॅट. भाचीचा प्रश्न वेगळा होता: पायच उरलेत, मग हा राजा आणि ही राणी हे कशावरून? मी वरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, पण ती तरी कुणी वाचली?

या प्रश्नासाठीच मी मुलांना फिरवतो, असं म्हटलं तरी चालेल. ब्राह्मी लिपी लोक पार विसरून गेले होते. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी ती एकेक अक्षर करून पुन्हा सोडवली. नाणेघाटाच्या लेखावर आणि विशेषतः त्यातल्या अंकांवर भगवानलाल इंद्रजी यांनी काम केलं. म्हणजे ही भिंत शेकडो वर्षं सगळ्यांना दिसत होती आणि कुणालाच वाचता येत नव्हती. पासवर्ड विसरलेली फाईल, असं मी भाचीला सांगितलं. ते तिला लगेच कळलं.

लेख प्राकृतात आहे, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. नागनिकेच्या घराण्यानं केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, गावं, वस्त्रं आणि कार्षापण नावाची नाणी. आणि ही दक्षिणा आकड्यांत लिहिली आहे. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी काही इथे आहेत. मी ते अंक मोठे काढून एका पुठ्ठ्यावर चिकटवून नेले होते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. त्या दोन रेघा हात न उचलता भरभर काढा, आपला २ तयार होऊ लागतो. हे मी सांगितलं नाही, फक्त काढायला लावलं. भाची ओरडलीच.

खरी गंमत पुढे आहे. या पद्धतीत शून्य नाही. दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि शेजारी सातचं. चारशे हवे तर शंभराच्या चिन्हाला चार जोडायचा, चार हजार हवे तर हजाराच्या चिन्हाला. आमच्या धंद्यात याला एन्कोडिंग म्हणतात, आणि मला ते इतकं आवडलं की मुलांच्या आधी मीच आठ-दहा आकडे बनवले. २४,४०० असा आकडा लिहायचा तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हं. भाची दोघांची वयं, घराचा नंबर, ताईच्या गाडीचा नंबर असं सगळं लिहीत सुटली. गाडीच्या नंबरात शून्य होतं, तिथे अडली. ‘मामा, इथे काय लिहू?’ काहीच लिहायचं नाही, म्हटलं. ‘मग कळणार कसं?’ शून्याचा शोध का मोठा, हे मला शाळेत बाकावर बसून कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

एक कामाची गोष्ट सांगतो. झिजलेलं कोरीवकाम बघताना मोबाईलची बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूनं तिरपी धरा. खाचेत सावली पडते आणि नुसता ओबडधोबड दगड वाटत होता तिथे अक्षर उठून येतं. बॅटरी धरायचं काम सगळ्यात लहान पोराला द्या, म्हणजे ते पळून जात नाही. आणि जेवण आधी उरका. उपाशी मुलाला सातवाहन दाखवू नयेत.

वर माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा, व्यापारी त्यात नाणी टाकत आणि म्हणून हा नाणेघाट, असं म्हणतात. मी तेवढंच सांगितलं. भाची लगेच, ‘कोण म्हणतं?’

इथे बहुतेक मोठी माणसं चिडतात. मला वाटतं, इथेच थांबून मुलांबरोबर नीट भांडायला हवं. आम्ही दोन बाजू केल्या. जकातीच्या बाजूनं: जागा अगदी नाक्याची आहे, माल घेऊन येणारा प्रत्येक जण इथूनच जाणार. विरुद्ध बाजूनं: रांजणावर तसं काही लिहिलेलं नाही, आणि उघड्यावर पैसे ठेवणार कोण? घाट चढून आलेल्यांना प्यायला पाणी भरून ठेवत असतील. शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेतच. भाचा जकातीच्या बाजूनं, कारण त्याला नाण्यांचा ढीग हवा होता. माझं मत पाण्याकडे झुकतं, पण मी हरलो तरी चालेल असा हा खटला आहे.

दुसऱ्या दिवशी शिवनेरी. तिथे हाच प्रश्न जरा जपून विचारावा लागतो, कारण आजूबाजूला लोक भावनेनं आलेले असतात, आणि मीही त्यातलाच आहे. जन्मस्थानाच्या इमारतीत पाळणा आहे. भाच्यानं विचारलं, ‘हाच तो?’ नाही, हा नंतर ठेवलेला आहे, असं मी हळू आवाजात सांगितलं. त्याचा विरस वगैरे काही झाला नाही. ‘मग खरा कुठे गेला?’ एवढंच. मुलांचा आदर इतका ठिसूळ नसतो; खोटं सांगून तो जपायची गरज नाही.

उलट भाचीला सगळ्यात जास्त रस वाटला तो तारखेत. पूर्वी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ मानलं जाई. मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात १६३० सालची नोंद निघाली. त्यानंतर कितीतरी वर्षं वाद चालला आणि २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ‘म्हणजे एवढ्या मोठ्या राजाचा वाढदिवससुद्धा शोधावा लागला?’ हो. जुन्या कागदांतून, एकमेकांशी भांडत. ती गंगा-जमुना टाक्यांपर्यंत यावरच बोलत होती. टाक्यांपाशी विषय बदलला, कारण भाच्याला गडावर वेढा पडला तर पाणी किती दिवस पुरेल ते काढायचं होतं. माणशी किती बाटल्या, घोडा किती पितो, असा हिशोब खाली गाडीत बसेपर्यंत चालू राहिला.

येत्या डिसेंबरात कार्ल्याला जायचं ठरतंय. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला दगडात बसवलेल्या लाकडी कमानी अजून आहेत, आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं, त्यांत धेनुकाकट गावचे ‘यवन’सुद्धा. कुठला खांब कुणी दिला त्याचा कागद मी तयार करतोय. भाच्याची अट एकच आहे, बॅटरी त्याच्याच हातात.