विडंबनातून निसटलेले देऊळ

विडंबनपटातले प्रतिनिधित्व तपासताना पडद्यावर किती वंशांचे, किती देशांचे चेहरे आले हे मोजून फारसे हाती लागत नाही. रुळलेल्या समजुतींची टर उडवणे हे विडंबनाचे काम, म्हणून त्याची कसोटीही तीच हवी: कोणती समजूत मोडली आणि कोणती जशीच्या तशी उचलली? हेरपटांची खिल्ली उडवणाऱ्या १९६७च्या ‘कॅसिनो रॉयल’ला ही कसोटी लावली की माग थेट नेदरलँड्समधल्या लेउवार्डन गावापर्यंत जातो.

या चित्रपटात शत्रूला चकवण्यासाठी सगळ्या हेरांना, बायकांनाही, ‘जेम्स बाँड ००७’ हेच नाव दिले जाते. एकमेव मर्दानी नायकाची कल्पना त्यामुळे खरोखर निकालात निघते. ते श्रेय चित्रपटाला द्यायलाच हवे. पण त्यातलीच एक हेर, माता बाँड, ही बाँड आणि माता हारी यांची मुलगी दाखवली आहे. जोअॅना पेटेट ही गोरी अभिनेत्री प्रथम दिसते ती पूर्वेकडच्या कुठल्याशा देवळात, नर्तकींच्या ताफ्यात नाचताना. नायकाच्या प्रत्येक सवयीवर शंका घेणारा चित्रपट या देवळावर मात्र शंका घेत नाही. ते त्याला आयते मिळालेले आहे.

आणि हे देऊळ मुळातच बनावट होते. माता हारी म्हणजे मार्गारेटा झेले, १८७६ साली लेउवार्डनमध्ये जन्मलेली, टोप्या विकणाऱ्या दुकानदाराची मुलगी. डच वसाहती सैन्यातल्या अधिकाऱ्याशी लग्न करून ती जावाला गेली, मुलगा गमावून परतली, नवऱ्यापासून वेगळी झाली आणि पॅरिसला पोटापाण्यासाठी नाचू लागली. १३ मार्च १९०५ रोजी एमिल गिमे यांच्या पौर्वात्य कलेच्या संग्रहालयातल्या ग्रंथालयाचे देऊळ करण्यात आले: खांबांना फुलांच्या माळा, मध्ये चतुर्भुज नटराज, आणि समोर रत्नजडित वक्षपट्ट्या घातलेली ही डच बाई. आपण मलबार किनाऱ्यावरच्या देवळातल्या नर्तकीच्या पोटी जन्मलो, असे ती सांगे. देवदासीची कला लहानपणापासून, वर्षानुवर्षे नट्टुवनाराच्या, म्हणजे नृत्यगुरूच्या, तालमीत घडत असे. तिच्यामागे तशी एकही तालीम नव्हती. दक्षिणेतल्या खऱ्या देवदासी १८३८ सालीच पॅरिसमध्ये नाचून गेल्या होत्या, तरी पॅरिसने हिला डोक्यावर घेतले. एकट्या, पैसे नसलेल्या बाईला मी त्यासाठी फार दोष देणार नाही. तिला शास्त्राचा मान देणाऱ्या विद्वानांना देईन.

आपल्या दृष्टीने पुढचा धागा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या महायुद्धापूर्वी तिच्या नाचाला साथ केली ती बडोद्याच्या इनायत खान आणि त्यांच्या भावांनी. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात गायनशाळा चालवणाऱ्या मौलाबक्षांचे हे नातू. साज अस्सल, नर्तकी उसनी, आणि नाव नर्तकीचे झाले. इनायत खानांची मुलगी नूर हीच पुढे खरी हेर निघाली. जून १९४३मध्ये ब्रिटिशांनी तिला व्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठवण्यासाठी उतरवले. सप्टेंबर १९४४मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. म्हणजे ‘कॅसिनो रॉयल’ निघाला तेव्हा भारतीय वंशाच्या स्त्री-हेराची हकिकत गुप्त राहिली नव्हती. तरीही पूर्वेची हेर म्हणून पडद्यावर आली ती बनावट वंशावळीची मुलगीच.

माता हारीची खरी मुलगी, जिला घरात ‘नॉन’ म्हणत, १९१९ साली २१व्या वर्षी नेदरलँड्समध्येच वारली. आईला १५ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रेंचांनी हेरगिरीच्या आरोपावरून पॅरिसजवळच्या व्हँसेनला गोळ्या घातल्या, त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. चित्रपटाने या मुलीच्या जागी नाचणारी बाँडकन्या उभी केली.

लेउवार्डनच्या फ्रीस म्युझियममध्ये मार्गारेटाच्या कात्रणवह्या आहेत. आपल्यावरचे लेख आणि छायाचित्रे तिने स्वतः जपून चिकटवली आहेत. टोपीवाल्याच्या मुलीने सांगितलेले देऊळ पॅरिसच्या पंडितांनी कसे खरे मानले, याचा हा पुरावा तिच्याच हातचा. विडंबनाला याहून मोठे सावज कोणते हवे होते?