विगन कॅसिनो : रात्री दोन ते सकाळी आठ

मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' क्लब १९७१मध्ये बंद पडला, पाठोपाठ स्टोकचा 'गोल्डन टॉर्च'ही गेला. रॉजर ईगलसारख्या डीजेंनी सोल संगीताची गोडी लावलेली उत्तर इंग्लंडातली कामगार पोरे बेघर झाली. विगन या कोळसा आणि कापडाच्या गावात, एम्प्रेस बॉलरूमच्या जुन्या इमारतीत, २३ सप्टेंबर १९७३ला त्यांना घर मिळाले. डीजे रस विन्स्टॅन्ली याने तिथल्या 'विगन कॅसिनो' क्लबात पहिली 'ऑल-नायटर' वाजवली. दारू नव्हती. लाकडी फरशीवर पाय सरकावेत म्हणून टाल्कम पावडर भुरभुरत, लोक रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत नाचत.

वाजायचे ते बहुतांशी साठच्या दशकातले, कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांचे, मायदेशी न खपलेले संगीत. पत्रकार डेव्ह गोडिन यांनी त्याला 'नॉर्दर्न सोल' म्हटले होते. असे न खपलेले संगीत आधी शोधावे लागे, त्यामुळे डीजेची खरी कसोटी वाजवण्याआधीच लागे. कॅसिनोचा डीजे रिचर्ड सर्लिंग अमेरिकेत जाऊन पडून राहिलेल्या तबकड्या उपसत असे. ग्लोरिया जोन्सचे १९६५मधले 'टेन्टेड लव्ह' त्याने १९७३मध्ये तिथूनच आणले. सॉफ्ट सेल या बँडने १९८१मध्ये ते पुन्हा गायले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले.

सापडलेली तबकडी इतर डीजेंच्या हाती लागू नये म्हणून तिच्यावर खोटे नाव चढवायची रीत होती. फ्रँक विल्सनचे 'डू आय लव्ह यू' हे १९६५चे गाणे एडी फॉस्टरच्या नावाने वाजले. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ते बाजारात आणलेच नव्हते, प्रती मोजक्याच उरल्या होत्या. २००९मध्ये त्यातली एक २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ही लपवाछपवी मला आजही खटकते. ज्याच्या आवाजावर हजारो पाय थिरकत होते, त्याचे नावच पुसले जात होते. आणि तरीही या ईर्ष्येपोटीच कितीतरी गाणी कचऱ्यातून वाचली, हेही खरे.

तिकडे 'ब्लॅकपूल मेक्का' या नाचघरात इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे सत्तरच्या दशकातल्या ताज्या, फंककडे झुकणाऱ्या रेकॉर्डी वाजवू लागले. त्यावरून श्रोत्यांत उभी फूट पडली. लेव्हिनचा धीर मला मोठा वाटतो. जुन्याचा साठा कधीतरी संपणारच होता.

कॅसिनोत पहाटेचा शेवट ठरलेला असे : टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांची तीन गाणी. ६ डिसेंबर १९८१च्या अखेरच्या रात्री ती पुन्हापुन्हा वाजली, पण कोणी हलेना. मग विन्स्टॅन्लीने फ्रँक विल्सन लावला.

कॅसिनो बंद पडण्याआधीच लंडनच्या '१०० क्लब'मध्ये एडी क्रॉसडेल याने ऑल-नायटर सुरू केल्या होत्या. पुढे 'केंट' लेबलसाठी त्याने अमेरिकी कंपन्यांच्या तळघरांतल्या टेप धुंडाळल्या आणि कधीच न छापलेली गाणी गायकांच्या खऱ्या नावांनिशी बाहेर काढली.