सत्पात्री दान आणि स्त्रीजीवन : एक ऐतिहासिक मागोवा

दानधर्म आपल्या वऱ्हाडास नवा नाही. आपला जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. कापूस हेच येथील धन. कापसाच्या बाजारात धर्मादाय म्हणून काही पैसे कापून घेण्याची चाल असे व त्यातून गोरक्षण, धर्मशाळा, पाणपोया चालत. गरीब मुलीच्या लग्नासही चार जण हातभार लावीत. परंतु त्याच मुलीच्या शिक्षणास, किंवा दुर्दैवाने ती विधवा झाल्यास तिला स्वतःच्या पायांवर उभे करण्यास, द्रव्य द्यावे हा विचार सावकाश रुजला. तो कसा रुजला हे आमच्या वाचक कुटुंबांनी जाणून घेण्याजोगे आहे.

१८८७ साली पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी अमेरिकेत बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या सभासदांनी दरसाल ठरावीक वर्गणी देण्याचे, आणि तेही दहा वर्षे, वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्याच वर्षी सदनात धर्मांतराचा वाद उठला व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. द्रव्य असूनही लोकांचा विश्वास ढळला म्हणजे संस्थेस केवढा धक्का बसतो, हे त्या प्रसंगाने दाखविले.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे जागा दिली व आश्रम तेथे गेला. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या व पुढे आश्रमासाठीच गावोगाव वर्गणी मागत फिरल्या; त्या अमेरिकेसही जाऊन आल्या. काल जिने साह्य घेतले तीच आज साह्य मिळविणारी झाली! १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे त्यास पंधरा लक्ष रुपये देऊ केले. पंधरा लक्षांचे दान सर्वांच्या स्मरणात राहते. पण त्यापूर्वीची वीस वर्षे आश्रम तगला तो आण्या-रुपयांच्या वर्गणीवर, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होते. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास राज्य सरकारकडून एक लक्ष रुपयांचे साह्यही ठरले. परंतु जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की सावकाराचे, या निकषांवर कित्येक प्रकरणे अपात्र ठरली. सासऱ्याच्या नावे सातबारा असलेल्या घरातील सून कित्येकदा कागदावर शेतकऱ्याची विधवा ठरत नसे. चूल मात्र तिचीच विझे. सरकारी नियमाचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे ज्ञातीचा हात पोहोचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आम्ही आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. सातवीपर्यंत हुशार ठरलेली मुलगी, पुढची शाळा तालुक्याच्या गावी म्हणून घरी बसलेली आम्ही कितीदा तरी पाहिली आहे. तिला सत्काराचा नारळ व एक वेळचे बक्षीस देऊन काय साधते? तिला हवे असते ते शिक्षण पुरे होईपर्यंतचे दरसालचे साह्य.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक कुटुंबाने घरातील मंगलकार्याच्या वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावी; साह्य निदान तीन वर्षांचे असावे; ते त्या स्त्रीच्या वा मुलीच्या स्वतःच्या खात्यात जावे; हिशेब दरसाल छापावा, परंतु साह्य घेणारीचे नाव छापू नये. देणाऱ्याचे नाव एक वेळ राहिले नाही तरी चालेल. घेणारीची मान ताठ राहिली पाहिजे.

ज्ञातिबंधुभगिनी या सूचनेचा येत्या वार्षिक सभेत विचार करतील, अशी आशा बाळगून आम्ही हा लेख पुरा करतो.