गाय घरची, खाते कोणाचे?

मानवाने गोधनास संपत्ती मानले, तेव्हापासून या संपत्तीचे दोन भाग राहिले आहेत : एक पशू आणि दुसरे त्याचे दूध. पशूचा मालक कोण, हे राज्यकर्ते नेहमी विचारतात. दुधाचा धनी कोण, हे क्वचितच विचारले जाते. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या मसाई समाजाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मसाई हे गोपालक होत. काटक्या, माती व शेण यांनी घर बांधते ती स्त्री, आणि त्या घराची स्वामिनीही तीच. विवाहानंतर पतीच्या कळपातील काही गाई तिच्या घराकडे वेगळ्या काढल्या जात व पुढे त्या तिच्या पुत्रांकडे जात. अशी गाय तिला न विचारता परस्पर देऊन टाकणे प्रशस्त मानले जात नसे. दोहन तीच करी. वासरासाठी किती राखावे, मुलांना किती द्यावे, अतिथीस किती, हा निर्णयही तिचाच. उरलेले दूध व कातडी शेजारच्या शेतकरी समाजांना देऊन धान्य आणण्याचा व्यवहार स्त्रियांच्याच हाती होता.

ब्रिटिशांनी १९०४ व १९११ च्या करारांनी मसाईंची उत्तम कुरणे युरोपीय वसाहतवाल्यांना दिली. हे करार पुरुष प्रमुखांशी झाले. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी ही दृष्टी पालटली नाही. १९६८ च्या कायद्याने सामूहिक कुरणे निर्माण झाली. जनावरांची संख्या मर्यादित राहावी, मांसासाठी विक्री वाढावी आणि जमिनीच्या तारणावर कर्ज मिळावे, असा हेतू होता. मूळच्या पंजाबातील साहिवाल जातीचे वळूही संकरासाठी तेथे पोहोचले. परंतु सभासदांच्या नोंदवहीत बहुतेक ठिकाणी पुरुष कुटुंबप्रमुखांचीच नावे चढली. विधवांची नावे अपवादानेच आली. योजनेने विकलेली जनावरे मोजली, घरात वाटलेले दूध मोजले नाही.

पुढे १९८० च्या दशकात या कुरणांची वाटणी वेगाने झाली आणि मालकीपत्रे नोंदणीकृत पुरुषांच्या नावे निघाली. पत्नीच्या संमतीची स्पष्ट अट कायद्यात पुष्कळ काळ नव्हती. त्यामुळे पतीने भूखंड विकला की कुरण गेले, कुरणाबरोबर दूध गेले आणि दुधाबरोबर स्त्रीचा अधिकारही गेला. जुन्या रूढीने तिला जे संरक्षण दिले होते, ते नव्या कागदावर उतरलेच नाही.

२०१० च्या राज्यघटनेने जमिनीच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद दूर करण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१६ च्या सामुदायिक भूमी कायद्याने १९६८ चा कायदा रद्द केला. तथापि, तोवर वाटल्या व विकल्या गेलेल्या जमिनी त्यामुळे परत येत नाहीत.

जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे, की ज्याचे खातेच उघडले नाही, त्याची बाकी कधीही निघत नाही. गोधनाची कोणतीही योजना आखताना प्रथम धार कोण काढतो, हे पाहावे आणि मगच नाव लिहावे, हाच या इतिहासाचा बोध होय.