योग्य इंधन कुणासाठी?

आम्ही जन्मभर मोटारसायकलींवर प्रेम केलं. पण टाकीत काय पडायचं, हे कधी आपण ठरवलं का? बघा, 1921 साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना इंजिनाचं ‘नॉकिंग’ थांबवणारं शिशाचं संयुग सापडलं. अल्कोहोलनेही ते थांबतं, हे तेव्हा ठाऊक होतं. तरी निवड झाली शिशाची. ते चिमूटभर पुरे आणि त्याचं पेटंट घेता येई. विष मात्र मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळायला 2000 साल उजाडलं. आता तेच अल्कोहोल इथेनॉल म्हणून 20 टक्के मिसळून येतंय. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात. त्या बदलता येतात. मुलांचं रक्त बदलता येत नाही. इंधन निवडताना हा फरक आपण ध्यानात ठेवायला हवा.